‘साभार परत’ नसलेल्या स्पर्धा

१

वाङ्मयाच्या इतिहासात छापून आलेल्या कवितांची नोंद होते. परत आलेल्या कवितांची होत नाही. तरीही साहित्यव्यवहाराचा फार मोठा भाग या परत येण्यानेच घडलेला आहे. मराठी लेखकांच्या काही पिढ्यांना ‘साभार परत’ हे दोन शब्द चांगलेच परिचयाचे होते. हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता घातलेले, पोस्टाचे तिकीट लावलेले पाकीट पाठवायचे आणि ते पाकीट जाडजूड होऊन घरी आले की काय समजायचे ते समजायचे, अशी ती रीत होती. या रीतीत अपमान होता, निराशा होती, क्वचित अन्यायही होता. पण त्या दोन शब्दांमागे एक गृहीत असे : पलीकडे कोणीतरी बसलेले आहे, ते वाचते, आणि वाचून ‘नाही’ म्हणू शकते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काव्यस्पर्धांचा असा एक उद्योग उभा राहिला, की ज्याने साहित्यव्यवहारातून हा नकारच काढून टाकला. तिथे येणारी जवळजवळ प्रत्येक कविता निवडली जाई. प्रत्येक कवीला त्याच्या वेगळ्या प्रतिभेची दखल घेणारे पत्र जाई. आणि त्या पत्राच्या शेवटी एक किंमत असे. या उद्योगाची हकीकत सहसा ग्राहक-फसवणुकीचे एक प्रकरण म्हणून सांगितली जाते आणि ते चुकीचेही नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक प्रश्न दिसायला हवा. ‘निवड’ म्हणजे नेमके काय, आणि ती विकायला काढली की तिचे काय होते, हा तो प्रश्न.

२

या उद्योगाच्या आधी त्याचा एक पूर्वज होऊन गेला. १९६१ साली कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे ‘फेमस रायटर्स स्कूल’ ही टपालाने लेखन शिकवणारी संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांत ‘रँडम हाउस’ या मातब्बर प्रकाशनसंस्थेचे बेनेट सर्फ होते. जाहिरातींतून नामवंत लेखकांची छायाचित्रे झळकत आणि हेच लेखक तुम्हांला लिहायला शिकवतील असा वाचकाचा समज होई. प्रवेशापूर्वी ‘अभिरुची-चाचणी’ असे. ती उत्तीर्ण झाली की विक्रेता घरी येई. पूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क रोख ७८५ डॉलर, हप्त्याने भरल्यास ९०० डॉलरच्या घरात होते. विद्यार्थ्यांची संख्या ६५,००० च्या आसपास पोहोचली होती.

१९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकासाठी रॉबर्ट बर्न या लेखकाने जेमतेम लिहिता येणाऱ्या एका वयस्क स्त्रीच्या नावाने ही चाचणी मुद्दाम वाईट लिहून पाठवली होती. ती उत्तीर्ण झाली. पुढच्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, जेसिका मिटफर्ड यांनी ‘द अटलांटिक’ या मासिकात या संस्थेवर विस्तृत लेख लिहिला. त्यांच्या पतीकडे वकील म्हणून एका वृद्ध विधवेचे प्रकरण आले होते, तिथून त्यांचा शोध सुरू झाला. जाहिरातीतले नामवंत लेखक प्रत्यक्षात विद्यार्थ्यांचे लेखन वाचत नाहीत, हे त्यांनी त्या लेखकांशीच बोलून उघड केले. रँडम हाउसने या शाळेच्या किती विद्यार्थ्यांची पुस्तके काढली, असे विचारले असता सर्फ यांना तो प्रश्न थट्टेचाच वाटला. आम्ही ज्याचे पुस्तक छापू, अशा माणसाला टपालाने शिकण्याची गरजच कशाला पडेल, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. लेखानंतर संस्थेची पत घसरली आणि १९७२ साली ती दिवाळखोरीत गेली.

सर्फ यांचे हे उत्तर पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. लेखक होऊ इच्छिणाऱ्या सामान्य माणसाला ज्या दाराची आशा दाखवली जात होती, ते दार त्याच्यासाठी नाहीच, हे दाखवणाऱ्याला पक्के ठाऊक होते. मात्र फेमस रायटर्स स्कूल निदान काहीतरी शिकवण्याचा दावा करत असे. काही प्रशिक्षक नेमलेले होते, ते गृहपाठ तपासत. पुढे आलेल्या स्पर्धांनी हा खर्चही वाचवला. शिकवण्याऐवजी त्यांनी थेट मान्यताच विकायला काढली.

३

१९७० आणि १९८० च्या दशकांत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथून ‘वर्ल्ड ऑफ पोएट्री’ नावाची संस्था काव्यस्पर्धा भरवत असे. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत १,००० डॉलरच्या बक्षिसाची घोषणा असे. कविता पाठवणाऱ्याला जाडजूड संग्रहात समावेशाचे निमंत्रण येई, शिवाय ‘गोल्डन पोएट’ अशी पदवीही मिळे. पदवीसोबत मानचिन्ह विकत घेण्याची आणि कविसंमेलनाला येण्याची सोय असे. अर्थातच स्वखर्चाने.

या पद्धतीला पूर्णत्व आले ते मेरीलँड राज्यातील बाल्टिमोरजवळच्या ओविंग्ज मिल्स या गावी. १९८२ पासून तेथे कार्यरत असलेली संस्था १९९० च्या दशकात ‘नॅशनल लायब्ररी ऑफ पोएट्री’ या नावाने आणि नंतर ‘इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ पोएट्री’ या नावाने ओळखली गेली. दशकाच्या अखेरीस तिने ‘पोएट्री डॉट कॉम’ हे संकेतस्थळ सुरू केले, आणि टपालाने चालणारा धंदा महाजालावर कितीतरी पटींनी वाढला.

या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. ही संस्था ग्रंथालय नव्हती आणि राष्ट्रीय तर मुळीच नव्हती. ती एक खाजगी कंपनी होती. पण वॉशिंग्टनपासून तास-दीड तासाच्या अंतरावरून ‘राष्ट्रीय काव्य-ग्रंथालय’ अशा शीर्षकाच्या कागदावर पत्र आले, की ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या एखाद्या शाखेने आपली दखल घेतली असे कोणाला वाटले, तर त्यात नवल नाही. ‘अकादमी’, ‘परिषद’, ‘मंडळ’, ‘आंतरराष्ट्रीय’ हे शब्द स्वतःच एक प्रकारचे साहित्यिक भांडवल असतात. ते भांडवल कमावण्याची एक रीत असते आणि उसने घेण्याची दुसरी.

स्पर्धेची कार्यपद्धती अशी होती. वीस ओळींपर्यंतची एक कविता पाठवायची. प्रवेशशुल्क नाही. काही आठवड्यांनी पत्र येई : आपली कविता उपान्त्य फेरीत पोहोचली आहे, आणि तिच्या गुणांमुळे ती आगामी संग्रहात प्रसिद्ध करण्याचे ठरले आहे. सोबत कवितेचे मुद्रित येई, त्यावर कवीने तपासून सही करायची. मग किमतीचा भाग येई. संग्रहाची प्रत सुमारे ५० डॉलर. कवीची चार ओळींची ओळख त्यात हवी असेल, तर सुमारे २० डॉलर आणखी. कविता लाकडी फलकावर बसवून हवी असेल, तर सुमारे ४० डॉलर. ती व्यावसायिक निवेदकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून हवी असेल, तर त्याचेही दर ठरलेले. त्यानंतर वार्षिक संमेलनाचे आमंत्रण, तिथे भव्य बक्षिसाची शक्यता आणि नोंदणीशुल्क काही शे डॉलर. प्रवास व निवास ज्याचा त्याने पाहायचा.

संग्रह घेणे सक्तीचे नव्हते. न घेणाऱ्याची कविताही छापली जाई. जाहीर केलेले मोठे बक्षीसही कोणाला तरी दिले जाई. त्यामुळे कायद्याच्या भाषेत हा सरळसरळ ठकबाजीचा गुन्हा ठरवणे अवघड होते, आणि हेच या रचनेचे सामर्थ्य होते. उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. एका खंडात एक हजार कवी आहेत आणि त्यांपैकी निम्म्यांनी एकेकच प्रत घेतली असे धरले, तर २५,००० डॉलर जमा होतात. १,००० डॉलरचे बक्षीस त्यातून सहज निघते. या गणितात प्रत्येक नाकारलेली कविता म्हणजे एक गमावलेला ग्राहक. म्हणून नाकारायचे कोणालाच नाही. कवितांचा दर्जा हा या व्यवहारात चांगला-वाईट असा विषयच नव्हता. तो अप्रस्तुत होता.

प्रत्यक्ष ग्रंथ पाहणाऱ्याला हे कळत असे. जाड बांधणी, ताऱ्यांची, मेघांची आणि स्वप्नांची आठवण करून देणारी शीर्षके, आणि आत एकेका पानावर बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसवलेल्या अनेक कविता. त्यांना संपादकीय क्रम नाही, प्रस्तावनेत काही भूमिका नाही. हे ग्रंथ पुस्तकांच्या दुकानांत सहसा नसत, त्यांची परीक्षणे येत नसत. त्यांचे वाचक म्हणजे त्यांतले कवीच. आणि प्रत्येक कवी त्यातले बहुधा एकच पान उघडत असे.

४

ही यंत्रणा उघडी पाडण्यासाठी अनेकांनी एकच युक्ती वापरली. मुद्दाम वाईट, अगदी निरर्थक कविता पाठवून पाहायची. बर्नने फेमस रायटर्स स्कूलवर केलेल्या प्रयोगाचीच ही पुढची आवृत्ती. त्यांतला सर्वांत गाजलेला प्रयोग ‘वर्गल फ्लॉम्प’ या टोपणनावाने झाला. ज्यात शब्द म्हणावेत असे शब्दही नव्हते अशी एक कविता पोएट्री डॉट कॉमला पाठवण्यात आली. तिलाही उपान्त्य फेरीचे कौतुकपत्र आले. त्या टोपणनावावरून २००१ साली स्थापन झालेल्या ‘विनिंग रायटर्स’ या संस्थेने एक विनोदी काव्यस्पर्धाच सुरू केली. सुरुवातीला तिची अट अशी होती, की कविता आधी एखाद्या फसव्या स्पर्धेला पाठवलेली असली पाहिजे. पुढे ही अट गेली आणि ती विनोदी कवितेची एक सर्वसाधारण, निःशुल्क स्पर्धा झाली. खोट्या स्पर्धेच्या विडंबनातून एक खरी स्पर्धा जन्माला आली, हा या इतिहासातला एक सुखद योगायोग म्हणावा लागेल.

पण या थट्टेची एक मर्यादाही आहे. निरर्थक कविता स्वीकारली गेली, यातून सिद्ध झाले ते एवढेच की तिकडे कोणी वाचत नव्हते. मात्र अशा बातम्या वाचून हसताना, त्या संग्रहांतले बाकीचे कवीही तितकेच हास्यास्पद आहेत, असा एक नकळत निष्कर्ष काढला जातो. तो योग्य नाही. त्या पानांवर कविता लिहिणारे बहुसंख्य लोक थट्टा करत नव्हते. कोणी गेलेल्या आईवर लिहीत होते, कोणी आजारपणावर, कोणी युद्धावर गेलेल्या मुलावर. कविता म्हणून त्यांतल्या बहुतेक सामान्य असतील. पण ती पाठवणाऱ्याची अपेक्षा खोटी नव्हती. त्याला वाचक हवा होता. त्याला मिळाले ते वाचकाचे सोंग.

उंबेर्तो एको यांच्या ‘फूकोज पेंड्युलम’ (१९८८) या कादंबरीत हे सोंग फार बारकाईने रंगवले आहे. तिथे एकाच मालकाच्या दोन प्रकाशनसंस्था आहेत. एक प्रतिष्ठित, विद्वत्तापूर्ण पुस्तके काढणारी. दुसरी, स्वतःच्या पैशाने छापणाऱ्या लेखकांसाठी असलेली. दोघींची कार्यालये आतून जोडलेली आहेत आणि पहिलीच्या दाराशी आलेला हौशी लेखक हळूच दुसरीकडे वळवला जातो. एकोंना या लेखकांची गंमत वाटते, पण त्यांचा खरा रोख आहे तो त्या दोन कार्यालयांना जोडणाऱ्या दारावर. प्रतिष्ठित साहित्यविश्व आणि फसवे साहित्यविश्व ही दोन वेगळी जगे नाहीत. पहिल्याची प्रतिष्ठा नसती, तर दुसऱ्याला विकायला काहीच नसते.

५

मग खऱ्या स्पर्धेची खूण कोणती? होतकरू लेखकांना सहसा सल्ला दिला जातो, की जिथे प्रवेशशुल्क मागतात तिथे जाऊ नका. पण वर पाहिल्याप्रमाणे अमेरिकेतली सर्वांत मोठी फसवी स्पर्धा प्रवेशशुल्क घेतच नव्हती. उलट, तिथल्या अनेक प्रामाणिक स्पर्धा ते घेतात, कारण त्यांना संग्रह विकून पैसा उभारायचा नसतो. परीक्षकाचे मानधन आणि छपाईचा खर्च त्या शुल्कातून निघतो. तेव्हा पैसा ही खूण नव्हे. खूण शोधायची तर ती नकाराच्या बाजूने शोधावी लागते.

‘येल सिरीज ऑफ यंगर पोएट्स’ ही १९१९ साली सुरू झालेली मालिका याचे चांगले उदाहरण आहे. दर वर्षी एका तरुण कवीचे पहिले पुस्तक त्यात निघते. १९४७ ते १९५९ या काळात डब्ल्यू. एच. ऑडन हे तिचे परीक्षक होते. एड्रियन रिच, डब्ल्यू. एस. मर्विन, जेम्स राइट यांची पहिली पुस्तके त्यांनी निवडली. पण काही वर्षी त्यांनी कोणालाच निवडले नाही. आलेल्या हस्तलिखितांत छापण्याजोगे काही नाही, असे म्हणून ते मोकळे झाले. १९५५ सालीही त्यांच्यापुढे प्रकाशनसंस्थेने पाठवलेल्या हस्तलिखितांपैकी एकही त्यांना पसंत पडले नव्हते. मग त्यांना कळले, की जॉन अ‍ॅशबेरी आणि फ्रँक ओहारा या त्यांच्या परिचयातल्या दोन तरुणांची हस्तलिखिते आधीच्या चाळणीतच बाद झाली आहेत. ती त्यांनी मागवून घेतली आणि अ‍ॅशबेरींचे ‘सम ट्रीज’ निवडले. ते १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि आज विसाव्या शतकातील अमेरिकन कवितेच्या कोणत्याही इतिहासात त्याचा उल्लेख असतो.

या प्रसंगाला दोन बाजू आहेत. परीक्षकाने ‘यंदा कोणीही नाही’ असे म्हणण्याची तयारी दाखवली, ही त्याच्या वाचनाची साक्ष. पण ज्यांची हस्तलिखिते पुन्हा मागवली गेली, ते त्याच्या ओळखीचे होते. चाळणीत गळून पडलेल्या अनोळखी कवींना ती संधी मिळाली नाही. निकाल उत्तम लागला म्हणून पद्धत निर्दोष ठरत नाही.

पद्धतीचा हा दोष पुढे मोठ्या वादाचे कारण झाला. २००४ साली पोर्टलंड येथील अ‍ॅलन कॉर्डल या ग्रंथपालाने ‘फोएट्री’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. इंग्रजीत ‘शत्रू’ आणि ‘कविता’ या दोन शब्दांचे ते मिश्रण होते. विद्यापीठीय प्रकाशनांच्या स्पर्धांत परीक्षक आपल्या विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना विजयी करतात, आणि शेकडो अनोळखी कवींचे शुल्क त्यांच्या पुस्तकांचा खर्च भागवते, असा त्याचा आरोप होता. त्याची भाषा अनेकदा कडवट आणि एकांगी होती, सुरुवातीला तो निनावी लिहीत होता, यावरही टीका झाली. पण त्या वादातून काही प्रत्यक्ष निष्पन्न झाले. परीक्षकाचा कवीशी निकटचा संबंध असल्यास त्या प्रवेशिकेचा विचार करू नये, असे नियम अनेक स्पर्धांनी लेखी स्वरूपात स्वीकारले. २००५ साली लहान प्रकाशनसंस्था आणि नियतकालिके यांच्या अमेरिकी संघटनेने स्पर्धांसाठी आचारसंहिता जाहीर केली. संकेतस्थळ २००७ साली बंद झाले.

ओविंग्ज मिल्सच्या स्पर्धेत आणि या विद्यापीठीय स्पर्धांत फरक आहे, तो विसरता कामा नये. पहिलीत कोणीच वाचत नव्हते, दुसऱ्यांत वाचणारे कधीकधी पक्षपाती होते. पण दोन्हीकडे हरणारा कवी एकच होता : ज्याची कोणाशी ओळख नाही असा. आणि दुसऱ्या दारावर विश्वास उरला नाही, की पहिले दार त्याला अधिक जवळचे वाटू लागते.

६

आपल्याकडे या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी परंपरा आहे, आणि ती येथे उपयोगी पडते. पदरचे पैसे घालून कविता छापणे ही मराठीत कधी शरमेची गोष्ट नव्हती. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी एकत्र येऊन आपले संग्रह आपणच काढले. एकमेकांच्या कविता ऐकायच्या, त्यांवर बोलायचे आणि मग छापायच्या, असा तो व्यवहार होता. पैसा त्यांचा होता, पण वाचकही तेच होते, आणि कोणी कोणाला फसवत नव्हते. अमेरिकेतही वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली ‘लीव्हज ऑफ ग्रास’ची पहिली आवृत्ती स्वतःच काढली होती. तेव्हा दोष स्वखर्चाने छापण्यात नाही. विक्रीला निवडीचा मुखवटा चढवण्यात तो आहे.

नकाराचीही आपली परंपरा आहे. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकाचे हस्तलिखित परत करताना किंवा पुनर्लेखन सुचवताना ज्या काळजीने पत्रे लिहीत, त्यांबद्दल त्या काळच्या अनेक लेखकांनी कृतज्ञतेने लिहिले आहे. पण त्याच ‘सत्यकथा’च्या अंकाची १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होळी केली, हेही विसरून चालणार नाही. ज्या अभिरुचीने नकार दिला जात होता, ती अभिरुचीच त्यांना मान्य नव्हती. त्याआधीच, १९५५ साली, ‘शब्द’ हे अनियतकालिक निघाले होते. पुढे ‘असो’, ‘फक्त’, ‘वाचा’, ‘येरू’ आली. पदरमोड करून, मिळेल त्या साधनाने काढलेल्या या अंकांनी मराठी कवितेची दिशा बदलली.

हे शक्य झाले, कारण नकार हा उघड नकार होता. आपल्याला नाकारले गेले आहे हे या लेखकांना माहीत होते. त्यामुळे त्यांना रागावता आले, वाद घालता आला, स्वतःची जागा उभारता आली. उपान्त्य फेरीचे गुळगुळीत पत्र ही शक्यताच हिरावून घेते. ज्याला खोटा होकार मिळाला आहे, तो ना आपली कविता सुधारतो, ना व्यवस्थेशी भांडतो. तो प्रत विकत घेतो आणि पुढच्या पत्राची वाट पाहतो. कवीकडून गेलेले पन्नास डॉलर हे या फसवणुकीतले लहान नुकसान आहे. मोठे नुकसान हे.

आज मराठीत ‘राज्यस्तरीय काव्यस्पर्धा’ आणि ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रह’ यांच्या सूचना मोबाइलवर सतत फिरत असतात. सहभागशुल्क अमुक, कवीला दोन प्रती, सन्मानपत्र आणि सन्मानचिन्ह मिळेल, असा त्यांचा साचा असतो. यांतल्या सगळ्याच फसव्या आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. खर्च वाटून घेऊन मिळून काढलेला संग्रह ही रविकिरण मंडळाच्याच वाटेवरची गोष्ट आहे, फक्त तो तसा सांगितला पाहिजे. प्रश्न उद्भवतो तो ‘प्रातिनिधिक’ या शब्दापाशी. ते कोणाचे प्रातिनिधित्व, आणि ते कोणी ठरवले? शुल्क भरणारा प्रत्येक जण प्रतिनिधी असेल, तर तो शब्द आणि ‘नॅशनल लायब्ररी’ हा शब्द यांत फार अंतर उरत नाही. याउलट साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्याची कितीही चेष्टा झाली, तरी तिथे नवख्या कवीसमोर निदान माणसे बसलेली असतात. ती दाद देतात, कंटाळतात, उठून जातात. उठून जाणे हाही एक प्रतिसाद आहे.

७

ओविंग्ज मिल्सच्या कवितांचे पुढे काय झाले, हे सांगून हा आढावा पुरा करतो. आपल्याकडे ५० लाखांहून अधिक कवींची कविता आहे, असा त्या संकेतस्थळाचा दावा असे. २००९ साली मूळ कंपनीचा कारभार थांबला आणि संकेतस्थळ ‘लुलू’ या स्वप्रकाशनाची सेवा देणाऱ्या कंपनीकडे गेले. दोनच वर्षांनी, २०११ च्या वसंतात, लुलूने थोड्या दिवसांची मुदत देऊन ते बंद करत असल्याचे जाहीर केले. ४ मे २०११ ही शेवटची तारीख होती. कवींनी आपापल्या कविता उतरवून घ्याव्यात, असे सांगण्यात आले. तिथे तेव्हा सुमारे १ कोटी ४० लाख कविता होत्या.

महाजालावरचा नष्ट होणारा मजकूर जतन करणाऱ्या ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने त्या कविता उतरवून घेण्याची धडपड केली. काही भाग हाती लागला, बाकीचा गेला. त्या स्वयंसेवकांना कवितेची फारशी आवड असेल असे नाही. पण इतक्या माणसांनी लिहिलेले काहीतरी आहे, एवढ्यासाठी ते रात्री जागले. संकेतस्थळाचे नाव पुढे अन्य मालकांकडे गेले आणि त्यावर पुन्हा कविता येऊ लागल्या. परंतु ज्यांच्याकडे स्वतःची दुसरी प्रत नव्हती, अशा कवींसाठी ‘राष्ट्रीय ग्रंथालया’त ठेवलेली कविता तेव्हाच नाहीशी झाली. ग्रंथालय ही जपणारी संस्था असते. ती वस्तुतः कधीच ग्रंथालय नव्हती, हे त्या दिवशी अखेरचे सिद्ध झाले.

साहित्य शिकवणाऱ्यांना या इतिहासातून घेण्यासारखे काय आहे? ‘अशा स्पर्धांपासून सावध राहा’ एवढे सांगून भागत नाही. वर्गात दरवर्षी दोन-चार मुले कविता लिहिणारी असतात. त्यांची वही कोणी वाचून परत केली, एखाद्या ओळीखाली रेघ मारली, एखादी जागा फसली आहे असे सांगितले, तर खोट्या कौतुकाची त्यांची भूक बरीच कमी होईल. ते कोणीच केले नाही, तर ते काम करायला कोणीतरी पत्र पाठवतेच. आणि स्पर्धेचे पत्रक घेऊन एखादा विद्यार्थी विचारायला आला, तर शुल्क किती आहे हे पाहण्याआधी त्याला आयोजकांना एकच प्रश्न विचारायला सांगावा : गेल्या वर्षी तुम्ही किती कविता परत पाठवल्या?